आधी समुद्र, मग बर्फ

दिगू,

शेवटी तुझ्यासाठी आणला तो बर्फ. मीच गेलो मिरकरवाड्याला. तुझा सुहास तेव्हा बोटीवर नोकरीवर होता. कुठल्याशा बंदरात उतरून विमानाने इथवर यायला त्याला दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती आणि तोवर तुला ठेवायचं होतं. आपण दोघं ज्या बर्फाच्या कारखान्यात उगाच जाऊन उभे राहायचो, तिथेच मी एकटा उभा राहिलो आणि लाद्या मागितल्या. तिथल्या माणसाने सवयीने विचारलं, "आज दुसरे मास्तर नाय आले?" मी म्हटलं, त्यांच्यासाठीच हव्यात. मग तो लाद्या गोणपाटात गुंडाळून रिक्षात ठेवायला स्वतः बाहेर आला.

तुझ्या दोन्ही बाजूंना घमेल्यांत त्या लाद्या उभ्या केल्या. माणसं येत होती, वहिनींजवळ बसत होती, उठून जात होती. मी तुझ्या पायाशी भिंतीला टेकून बसलो होतो आणि नको ते बघत होतो. वर पंखा फिरत होता, पण लादीच्या वरच्या कडा बराच वेळ तशाच धारदार राहिल्या. खाली घमेल्यात पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात उभा असलेला भाग मात्र भराभर झिजत चालला होता. बघता बघता एक लादी बुडाशी बारीक झाली आणि कलली. मी तुझ्याकडे वळून "पाहिलंस?" म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी पाणी प्यायला उठलो.

बर्फ खालून खाल्ला जातो, वरून नव्हे, हे तू मला किती वर्षं सांगत होतास. आणि मी किती वर्षं नाही म्हणत होतो.

आपलं भांडण ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते खुळेपणाचंच वाटेल. दोन निवृत्त मास्तर, एक पदार्थविज्ञानाचा आणि एक भूगोलाचा, राहायला रत्नागिरीत, जिथे बर्फ बघायचा तर माशांच्या टोपलीत. आणि भांडण कशावरून, तर गेल्या हिमयुगावरून. तेव्हा उत्तर अमेरिकेवर आणि युरोपच्या डोक्यावर मैलभर, कुठे कुठे त्याहूनही जाड बर्फ चढलेला होता. हवामान हजारो वर्षं एकसारखं गार राहिलं असेल असं कोणालाही वाटेल, पण ते तसं राहिलं नाही. ग्रीनलंडवर माणसाच्या एका आयुष्यात मावेल एवढ्या काळात एकदम ऊब यायची, मग हळूहळू उतरत पुन्हा कडाक्याची थंडी. हे पुन्हा पुन्हा झालं. आणि अधूनमधून, थंडी अगदी टिपेला असताना, हिमनगांचे तांडेच्या तांडे अटलांटिक समुद्रात सुटायचे. बर्फाने जमिनीवरून खरवडून आणलेले दगडगोटे वितळता वितळता समुद्राच्या तळाशी पडायचे, ते अजून तिथल्या गाळात सापडतात.

प्रश्न एवढाच होता की ऐन थंडीत बर्फ फुटायचा कसा. थंडीत तो टिकायला हवा.

मी बर्फाच्या बाजूचा. माझं म्हणणं, बर्फाचा थर वाढत वाढत इतका जाड होतो की जमिनीच्या उष्णतेने त्याचं बूड सैल होतं आणि तो आपल्याच वजनाने घसरून समुद्रात जातो. त्याचं गोडं पाणी समुद्रावर पसरतं, उत्तरेकडे ऊब नेणारा प्रवाह मंदावतो आणि मग थंडी पडते. म्हणजे आधी बर्फ, मग समुद्र. तुझं नेमकं उलटं. समुद्राचा प्रवाह आधी मंदावतो, वर थंडी पडते, पाण्यावर बर्फाचं झाकण बसतं. पण दक्षिणेकडून येणारी ऊब त्या झाकणाखाली कोंडत राहते. ते कोमट पाणी समुद्रात उतरलेल्या बर्फाला खालून खातं आणि मग तो फुटतो. आधी समुद्र, मग बर्फ.

हे आपण शाळाशाळांतून मांडत फिरलो. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, तू समुद्र, मी बर्फ. नाटे गावच्या शाळेत मी फणसाचं उदाहरण दिलं होतं: फणस पिकला की वजनाने खाली येतो, झाड हलवायला कोणी लागत नाही. तू लगेच विचारलंस, देठाला आधीच कीड लागली असली तर? पोरं माझ्याकडे बघून हसली. मग तू त्यांना विचारलंस, पावसाळ्यात खाडीत कोण कोण उतरतं. अर्ध्या वर्गाचे हात वर. "वरचं पाणी गार की खालचं?" पोरं एका सुरात म्हणाली, वरचं गार, गोडं, खाली पाय सोडला की खारट आणि ऊन. "झालं तर," तू म्हणालास, "तुमची खाडी म्हणजेच माझा अटलांटिक." मग त्यांना सांगितलंस की ग्रीनलंड गारठलं की आपला पाऊसही कमी व्हायचा, आणि त्याची खूण आपल्याच अरबी समुद्राच्या गाळात फिकट पट्ट्यांनी उमटलेली आहे. परतीच्या एसटीत मी तुझ्याशी हातखंब्यापर्यंत बोललो नव्हतो. तुला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. तू शेंगदाणे खात होतास.

वेळणेश्वरला देवळामागच्या सभागृहात एका बाईंनी आपल्याला विचारलं होतं, तुमचं हे भांडण मिटणार कधी. तेव्हा तू सगळ्यांसमोर आपला नियम सांगितलास. नियम तुझाच होता, पण मी त्याला आनंदाने मान्यता दिली होती. ज्याला दुसऱ्याचं पटेल त्याने भर सभेत उभं राहून सांगायचं. घरात, चहा पिताना, फोनवर दिलेली कबुली धरायची नाही. आणि भिडेपोटी, उपकार म्हणून तर मुळीच मान्य करायचं नाही. "आमच्यात दया नाय," तू म्हणालास आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या नियमाने माझा घात केला, दिगू. की नियमाच्या आड मी स्वतःच स्वतःचा केला, कोण जाणे.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. गणपतीच्या दिवसांत तू मला जे पुस्तक वाचायला दिलंस ते मी वाचलं होतं. "नंतर बघतो" म्हणून बाजूला ठेवलं असं तुला सांगितलं, ते खोटं. त्याच रात्री वाचून काढलं. अटलांटिकच्या तळाच्या गाळात खालचे थर आधीचे, वरचे नंतरचे, एवढं तर मी पोरांना तीस-पस्तीस वर्षं शिकवत आलो. त्या गाळात थंड पाण्यात राहणाऱ्या बारीक जिवांचे शंख आधी वाढलेले दिसतात आणि हिमनगांतून पडलेले खडे त्यांच्या वर. म्हणजे थंडी आधी आली, बर्फ नंतर फुटला. शिवाय तळाशी राहणाऱ्या जिवांचे शंख सांगत होते की त्याच थंडीत खालचं पाणी ऊबदार होत होतं. आणखी काय हवं होतं मला? मी पुस्तक मिटलं आणि मला तुझा राग आला. दोन दिवस तुला फोन केला नाही. तुला वाटलं, आमच्याकडे गौरी-गणपतीची गडबड असेल.

मग मनात ठरवलं की संगमेश्वरच्या कार्यक्रमात उभं राहून सांगायचं. दिवाळीनंतरचा कार्यक्रम ठरलेला होताच. मी तर भाषणही जुळवून ठेवलं होतं. आधी तुला यथेच्छ झोडपायचं, फणस, वजन, सगळं पुन्हा सांगायचं आणि शेवटी खुर्चीवरून उठून तुझ्या बाजूला येऊन बसायचं. तुझा चेहरा कसा होईल हे मी आंघोळ करतानासुद्धा डोळ्यांपुढे आणायचो. तोवर रोज संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर तू पटवत राहिलास आणि मी, पटलेलं असून, नाही नाही म्हणत राहिलो. मजा येत होती मला. हे लिहिताना लाज वाटते, पण येत होती.

दिवाळीत तू फराळाला हात लावेनास. पोटात दुखतं म्हणालास. संगमेश्वर पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. मी म्हणत राहिलो, बरा हो, मग बघतो तुझ्याकडे. कोल्हापूरला तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. जिन्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांना कळता कामा नये हां." मी मान हलवली. आपल्याकडे सगळेच हलवतात. घरी आल्यावर तुला सांगितलं की अशक्तपणा आहे, टॉनिक दिलंय, आंब्याच्या दिवसांत हिंडाफिरायला लागशील. तू म्हणालास, बरं.

त्यानंतरचे दिवस मी तुझ्याकडे यायचो आणि भांडण तूच काढायचास. आवाज बारीक झाला होता, पण मुद्दा सोडत नव्हतास. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, तुम्ही आलात की चार घास जास्त जातात त्यांना. म्हणून मी नाही म्हणत राहिलो. आता सभा होणार नव्हती, हे तुझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. रोज घरी जाताना वाटायचं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू उशीला टेकून बसलेला असायचास, तयारीत. तुझ्या हातातलं तेवढं एकच काम मी कसं काढून घेऊ, असं वाटायचं.

आणि मग त्या सकाळी मला धीर धरवला नाही. तू फार वाळलेला दिसत होतास. वहिनी तुळशीला पाणी घालायला गेल्या होत्या. तू नेहमीसारखं सुरू केलंस, "काय बर्फवाले, आज काय म्हणणं?"

मी म्हटलं, "दिगू, तुझं बरोबर आहे. आधी समुद्रच."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं होतं हसशील, हात उंचावशील, निदान सभेत का नाही म्हणालास म्हणून शिवी तरी देशील. तू मग विचारलंस, "एक पण शंका नाय?"

"नाही," मी म्हटलं.

"बरां," तू म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, दमलास. मी पांघरूण सारखं केलं आणि निघालो. खरं सांगू, मला हलकं वाटत होतं. फाटकापाशी वहिनींना मी म्हणालोसुद्धा, आज छान बोलला.

तुझा तेरावा झाल्यावर मी उगाच रेंगाळलो होतो. माणसं गेली होती, सुहास मागे पडवीत फोनवर होता. वहिनी ओट्याशी भांडी पुसत होत्या. त्यांनी मला सांगितलं ते अगदी साधेपणाने सांगितलं, टोचायला नव्हे. त्या सकाळी मी गेल्यावर तू त्यांना जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "सद्याने मान्य केलं. म्हणजे डॉक्टरने त्याला सगळं सांगितलेलं आहे. आता तू पण सांग." वहिनी आधी नाही नाही म्हणाल्या, मग त्यांना रडू आलं, आणि तुला कळायचं ते कळलं.

इतक्या जणांनी इतके आठवडे तोंड मिटून ठेवलं, ते माझ्या एका वाक्याने उघडं पडलं. आणि ते वाक्य खरं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. दया नाही असा नियम असलेल्या माणसाकडून तुला दया मिळाली असं तुला वाटलं. जन्मभर ज्या कबुलीसाठी माझ्याशी भांडलास, ती मिळाली तेव्हा तुला तिच्यात तुझं मरण दिसलं. मी गणपतीत बोललो असतो तर? तुझ्या अंगणात, नियम मोडून, चहाचा कप हातात घेऊन बोललो असतो तर तू गावभर सांगत सुटला असतास. तेव्हा तुझी भूक शाबूत होती. मी कसली वाट बघत होतो? टाळ्यांची.

वहिनींना मी विचारलं, त्याला मी खोटं बोललो असं वाटलं का. "हसले हो भावजी," त्या म्हणाल्या. "म्हणाले, सद्याला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही."

त्यांनी मला धीर दिला, तोही तुला सांगायला हवा. त्या म्हणाल्या की बरंच झालं. तुला कळलं म्हणून मग तू त्यांच्याशी बोललास. सुहासला बोटीवर फोन लावून घेतलास आणि तासभर बोललास. तो म्हणतो, बाबा त्याच्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. वहिनींना आंबोळ्या करायला लावल्यास आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलास. त्या शेवटच्या दिवसांत घरात खोटं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं खरंही असेल. पण ते तुमच्या तिघांचं झालं. माझ्या वाट्याला तुझी भिंतीकडे वळलेली पाठ आली, आणि ती मी कमावलेली आहे. त्यानंतर मी दोनदा आलो, तेव्हा तू झोपेत होतास. की झोपेचं सोंग घेतलं होतंस? तुझ्याकडून तेही सहज झालं असतं.

काल पुन्हा कारखान्यात गेलो. तुझ्या आवडत्या जागी, तराफ्यासारख्या त्या लाकडी फळ्यांवर उभा राहिलो. मिठाच्या पाण्यातून पत्र्याचा डबा वर उचलला, आत लादी गच्च बसलेली. कितीही हलवा, आपटा, निघत नाही. मग तो डबा नुसता साध्या पाण्याच्या टाकीत बुडवला आणि जराशाने लादी आपली आपण सुटली. तू मला पहिल्यांदा इथे आणलंस तेव्हा माझा हात धरून म्हणाला होतास, "ता बघ सद्या, वर कोणी काय केलां? पाण्याने केलां." आणि मी म्हणालो होतो, मिरकरवाडा म्हणजे काही ग्रीनलंड नव्हे. त्यावर तू कारखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसला होतास. काल तिथे कोणी माझा हात धरला नाही, आणि लादी सुटली तेव्हा मी "हो रे बाबा" असं पुटपुटलो, ते त्या माणसाने ऐकलं.

घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. त्या सकाळी मी खोटं बोललोच होतो, दिगू. तुझं बरोबर आहे, हे खरं होतं. खोटं होतं ते त्यानंतरचं "नाही". एक पण शंका नाही का, असं तू विचारलंस आणि मी नाही म्हणालो. शंका होती. जिभेच्या टोकावर होती. तुझा चेहरा बघून मी ती गिळली. तू दमशील, असं वाटलं. तिथेच तू मला पकडलंस. मी मान्य केलं यावर तू कदाचित विश्वास ठेवलाही असतास. सद्याला शंकाच उरली नाही यावर कसा ठेवशील? एवढी दया केली मी तुझ्यावर, आणि त्या दयेनेच माझी खरी कबुलीही खोटी करून टाकली.

आता तुझ्यावर दया करायचं काही कारण उरलेलं नाही. तू दमणार नाहीस, तुझ्यापासून लपवायचंही काही नाही. वर हे मी चारचौघांनी वाचावं म्हणून लिहितोय, तेव्हा ही भर सभाच समज. मी उभा राहून सांगतो: तुझं बरोबर होतं. बर्फ फुटला त्याच्या आधी समुद्र बदललेला होता. हे मला गणपतीपासून ठाऊक होतं आणि सांगायला उशीर मी केला.

पण ऐक. समुद्राचा प्रवाह आधी मंदावला हे मान्य. तो मंदावला कशाने, हे तू मला कधी धड सांगितलं नाहीस. बर्फाचा डोंगर एवढा उंच झाला की त्याने वारे वळवले. वाऱ्यांनी समुद्रावरचं पाणी आणि बर्फाचं झाकण इकडचं तिकडे केलं. बर्फ अगदी थोडा असताना हे हेलकावे येत नाहीत, पुरता वाढलेला असतानाही फारसे नाहीत. तो मधल्या उंचीचा असतानाच समुद्र असा चंचल होतो. मग तुझ्या समुद्राला पहिला धक्का दिला कोणी? माझ्या बर्फानेच की नाही?

बोल आता.

तुझा,
सद्या